सहा आकडे मी स्वतः वाचून दाखवले

अमेरिकेतली माझी सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथलं सरकारी पेन्शन, दर महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी जमा होते. जन्मतारीख ११ ते २० मधली असेल तर तिसरा बुधवार, आधीची असेल तर दुसरा, नंतरची असेल तर चौथा, असा तिथला हिशेब आहे. मे १९९७ च्या आधीपासून घेणाऱ्यांना ३ तारखेला मिळते, पण त्यातली बहुतेक मंडळी आता नव्वदीच्या घरात. फेब्रुवारी २०२५ चा तिसरा बुधवार १९ तारखेला आला, म्हणजे शिवजयंतीला. खाली सोसायटीत ढोल वाजत होते आणि मी वर गॅलरीत बसून बँकेचं ॲप पुन्हा पुन्हा उघडत होतो. पैसे आले नव्हते.

न्यू जर्सीत एकतीस वर्षं नोकरी केली. आता नोव्हेंबर ते मार्च आम्ही दोघं कोथरूडला असतो आणि उन्हाळा तिथल्या एडिसन गावात काढतो. आमच्यासारखी बरीच मंडळी पुण्यात आहेत, नाशिक-नागपुरातही असतील. माझी फसवणूक कशी झाली हे त्यांच्यासाठी लिहितोय, आणि त्यांच्या तिकडे राहणाऱ्या मुलांसाठी तर जास्तच.

आधी खरी गोष्ट सांगतो, कारण खोट्याचा सगळा डोलारा तिच्यावरच उभा राहिला. सोशल सिक्युरिटीच्या ऑनलाइन खात्यात पूर्वी युजरनेम आणि पासवर्ड घालून जाता यायचं. ज्यांनी १८ सप्टेंबर २०२१ च्या आधी खातं उघडलं होतं त्यांना ही जुनी वाट वापरता येत होती. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालं की आता ती बंद होणार आणि सगळ्यांनी लॉगिन डॉट गव्हवरून यायचं. लॉगिन डॉट गव्ह ही तिथल्या केंद्र सरकारची २०१७ पासूनची सामाईक प्रवेशव्यवस्था. एका खात्याने अनेक सरकारी सेवा उघडतात. ज्यांचं आयडी डॉट मी या खासगी कंपनीचं खातं आहे त्यांना तेही चालतं. पासवर्डच्या जोडीला फोनवरच्या कोडसारखी दुसरी खूण लागते आणि ओळख एकदा कागदपत्रांनिशी पटवावी लागते. व्यवस्था चांगली आहे. माझी तक्रार तिच्याबद्दल नाही.

माझं खातं २०१४ चं. बदलाची सूचना आली होती, मी ‘बघू नंतर’ म्हणून सोडून दिली. जानेवारीच्या शेवटी एसएसए-१०९९ हवा होता. वर्षभरात किती पैसे मिळाले ते दाखवणारा हा कागद कर भरताना लागतो, आणि आमचे हिशेबनीस तो फेब्रुवारीतच मागतात. म्हणून एका दुपारी जेवण झाल्यावर बसलो. लॉगिन डॉट गव्हवर ईमेल दिला, पासवर्ड केला. पुढे फोन नंबर मागितला, मी एडिसनचा दिला आणि कोडची वाट बघत बसलो. तो येईना. येणार कुठून? पैसे वाचवायला मी त्या सिमचं रोमिंग बंद ठेवलं होतं. हे डोक्यात यायला हवं होतं, पण त्या वेळी मला वाटलं की यंत्रणाच बिघडली आहे. बायको म्हणाली, “अहो, उद्या करा, रात्री मुलाला फोन लावून विचारा.” पण मी आयुष्यभर संगणकावरच काम केलेला माणूस, पोराला विचारायचं म्हणजे कमीपणा वाटला.

मग इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधला. सगळ्यात वर जो आला त्याच्या बाजूला बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं होतं. म्हणजे ती जाहिरात होती. नंबर अमेरिकेतला, नावात ‘बेनिफिट्स’ आणि ‘सपोर्ट’ हे दोन्ही शब्द. वायफायवरून फोन लावला, दुसऱ्या रिंगला उचलला. इतक्या पटकन सरकारी फोन उचलला जात नाही, हे पुण्यात राहून मला कळायला हवं होतं.

त्याने नाव सांगितलं केव्हिन. इंग्रजी अमेरिकन वळणाचं, मात्र ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ मध्ये मधूनच गोंधळ. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. उलट आपल्याकडचाच कुणीतरी तिकडे कामाला असेल म्हणून बरं वाटलं. २०१६ साली मीरा रोडच्या कॉल सेंटरवर ठाणे पोलिसांचा छापा पडला होता, तिथली पोरं रात्रभर अमेरिकन कर खात्याचे अधिकारी बनून लोकांना धमकवायची. ती बातमी आम्ही एडिसनमध्ये चवीने वाचली होती. ‘अमेरिकन लोक किती भोळे’ असं मी तेव्हा म्हटल्याचं बायकोला अजून आठवतं.

केव्हिनने मात्र धमकी दिली नाही, अटकेची भाषा केली नाही, घाईसुद्धा केली नाही. मी विचारलं, फी किती? तर म्हणाला, “सर, ही सरकारी सेवा आहे, हिला पैसे लागत नाहीत.” मी तिथेच विरघळलो. पैसे न मागणारा माणूस फसवेल कसा, असं माझं सरळ गणित होतं. त्याला माझ्याकडून पन्नास डॉलर नको होते, त्याला दरमहाचे हवे होते.

तो म्हणाला, तुमचा अर्धवट अर्ज अडकला आहे, तो बाजूला ठेवून मी इथून नवा भरतो, तुम्ही फक्त माहिती द्या. जुना युजरनेम आणि पासवर्ड दिला, “जुनं खातं जोडायला लागतं” म्हणून. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे माझा तिथला ओळख क्रमांक, दिला. लायसन्सचे पुढून-मागून फोटो काढून त्याने सांगितलेल्या पत्त्यावर पाठवले. मग म्हणाला, “पाच मिनिटं रोमिंग चालू करा, सरकारी कोड येईल.” केलं, आणि आला.

संदेश खरा होता. लॉगिन डॉट गव्हकडूनच आला होता. सहा आकडे होते आणि पुढे लिहिलं होतं की हा कोड कुणालाही सांगू नका. मी ते वाक्य वाचलं. ते चोरांसाठी आहे, मी तर मदतनिसाशी बोलतोय, असं मनाशी म्हटलं आणि आकडे एकेक करून वाचून दाखवले. ‘नाइन’ त्याला नीट ऐकू आला नाही, तर तो मी दोनदा सांगितला.

नेहमीचा सल्ला मला माहीत होता: पत्ता तपासा, शेवटी डॉट गव्ह आहे का बघा, कारण तो शेवट तिथे फक्त सरकारी संस्थांनाच मिळतो. पण इथे खोटं संकेतस्थळ कुठे होतंच नाही. खऱ्या संकेतस्थळावर माझ्या नावाचा, माझ्या लायसन्सचा, माझ्या नंबराचा खरा अर्ज तो भरत होता. एकच गोष्ट माझी नव्हती, ती म्हणजे ईमेल. तो त्याने स्वतःचा घातला. दुसरी खूण म्हणून कोड तयार करणारं ॲप जोडलं, तेही त्याच्याच फोनवरचं. माझ्याकडून त्याला फक्त ओळख पटवून हवी होती, ती मी पटवून दिली. त्यानंतर त्या दारातून मला माझ्याच खात्यात जाता येईना.

“चोवीस तासांनी तुम्हाला ईमेल येईल, तोवर पुन्हा प्रयत्न करू नका, खातं लॉक होईल,” असं सांगून त्याने फोन ठेवला. ईमेल आलाच नाही. मी दोन दिवसांनी विसरलो, कारण भाच्याचं लग्न होतं. एसएसए-१०९९ चं हिशेबनिसांना ‘पाठवतो’ म्हणून सांगितलं.

बायकोने तेवढं एकदा विचारलं होतं. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, “तुम्ही त्याला सगळं सांगितलंत. त्याने तुम्हाला काय सांगितलं?” मी चिडलो होतो.

आमची एडिसनची टपाल-पेटी शेजारच्या गुजराती भाभी बघतात. दर रविवारी लिफाफ्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात, आम्ही सांगतो कुठला उघडायचा, कुठला ठेवायचा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी सोशल सिक्युरिटीचा एक लिफाफा होता. मला वाटलं १०९९ कागदावर आला असेल, किंवा वाढीचं पत्र असेल (२०२५ ची महागाईची वाढ २.५ टक्के होती, आणि दरमहाच्या रकमेतून मेडिकेअर पार्ट बी या सरकारी आरोग्यविम्याचे त्या वर्षी १८५ डॉलर कापून जात होते, दर वर्षी त्यावर आमचं घरात भांडण होतं). मी लिहिलं, “ठेवून द्या, आल्यावर बघू.”

१९ तारखेला पैसे आले नाहीत तेव्हा आधी वाटलं, सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी होती, उशीर झाला असेल. २० ला वाटलं, बँकेचं काहीतरी असेल. २१ ला भाभींना म्हटलं, तो लिफाफा उघडा. पत्रात लिहिलं होतं की तुमच्या विनंतीनुसार तुमची रक्कम यापुढे नव्या बँक खात्यात जमा होईल, आणि ही विनंती तुम्ही केली नसेल तर ताबडतोब कळवा. बारा दिवस ते पत्र भाभींच्या फ्रीजवर चुंबकाखाली होतं.

पुण्यात संध्याकाळी साडेसहा वाजले की हिवाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे आठ होतात आणि सोशल सिक्युरिटीच्या फोनलाइन उघडतात. त्या दिवशी नंबर शोधून नाही, तर भाभींनी वाचून दाखवलेल्या पत्रावरून लावला: १-८००-७७२-१२१३. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. बँक खातं पूर्ववत झालं. माझ्या सांगण्यावरून त्यांनी ऑनलाइन किंवा बँकेमार्फत जमा-खातं बदलायला कुलूप घातलं. ही सोय आधीपासून होती, पण मागावी लागते आणि मला ती माहीतच नव्हती. आता मला खातं बदलायचं असेल तर त्यांच्याशी बोलूनच बदलावं लागेल, आणि मला ते चालेल.

बाकीचं मुलाने सिअ‍ॅटलहून माझ्यासोबत व्हिडिओ कॉलवर बसून केलं. सोशल सिक्युरिटीच्या महानिरीक्षकांकडे तक्रार नोंदवली, आयडेंटिटी थेफ्ट डॉट गव्हवर अहवाल केला. लोकांच्या कर्जाची पत नोंदवणाऱ्या इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट गोठवलं, म्हणजे माझ्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येऊ नये, जे २०१८ पासून फुकट आहे आणि माझ्या मते निवृत्त माणसाने काहीही झालं नसतानाही करून ठेवावं. कर खात्याकडून सहा आकडी ओळख-पिन घेतला, म्हणजे माझ्या नंबरावर दुसऱ्या कुणाला विवरणपत्र भरता येऊ नये. मुलगा एकदाही “बाबा, मला विचारलं असतंत तर” असं म्हणाला नाही. त्याने म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

माझं स्वतःचं लॉगिन डॉट गव्ह खातं मी मार्चमध्ये एडिसनला गेल्यावर उघडलं, माझ्या ईमेलवर, घरच्या टेबलावर, कुणाच्याही मदतीशिवाय. वीस मिनिटं लागली. एसएमएसऐवजी कोडचं ॲप ठेवलं, त्याला सिम लागत नाही, रोमिंग लागत नाही, कोथरूडलाही चालतं. शिवाय दहा राखीव कोड कागदावर उतरवून दागिन्यांच्या लॉकरमध्ये ठेवले. जून २०२५ मध्ये जुना युजरनेम कायमचा बंद झाला, म्हणजे आता ज्यांचं करायचं राहिलं आहे ते घाईघाईने नंबर शोधायला बसतील. त्यांचीच मला काळजी वाटते.

आणि हे फक्त तिकडचं नाही. माझे मेहुणे इथेच बँकेतून निवृत्त झाले. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, २०१४ पासून तो जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सोयीवरून घरबसल्याही देता येतो. त्यांना फोन आला की ‘साहेब, पेन्शन थांबेल, दाखला मी इथूनच करून देतो, ओटीपी सांगा’. माझं रामायण त्यांना ठाऊक होतं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवलं.

मार्चची रक्कम १९ तारखेला, तिसऱ्या बुधवारी, माझ्याच खात्यात आली. फेब्रुवारीचे २,३१८ डॉलर मात्र अजून चौकशीत आहेत.

एप्रिलमध्ये फोन वाजला. नंबर वेगळा होता, आवाज तोच. “सर, तुमचं फेब्रुवारीचं पेमेंट अडकलंय असं आमच्याकडे दिसतंय. ते सोडवून देऊ शकतो, फक्त एक कोड येईल.” माझ्या तोंडून शब्द फुटेना. बायकोने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि खणखणीत मराठीत विचारलं, “आधी नाव सांगा बाळा, आणि गाव कुठलं तुमचं?”

पलीकडे दोन-तीन सेकंद शांतता होती. मग त्याने फोन ठेवला. बायकोचं म्हणणं आहे, त्याला कळलं होतं.