भरीत पाच स्टार, फौजदारी डाळ चार, आणि शिवीला 20 रुपये

आधीच सांगतो, हॉटेलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, मागे एकदा नाव टाकून हात पोळलेत, ते खाली येईलच. जळगावहून भुसावळकडे निघालात की हायवेला पत्र्याचं शेड, पुढे कडुनिंब, त्याखाली चार बाजा आणि बाजूला कपाशीच्या काड्यांचा हा एवढा ढीग. ढीग दिसला की गाडी लावायची, बोर्ड वाचत बसायचं नाही, कारण बोर्डावर हॉटेलच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलंय, "येथे शिवी दिल्यास 20 रु. दंड. हुकूमावरून."

आधी खाण्याचं बोलू. भरीत असं की बस. हिरवी, मोठी भरताची वांगी, बामणोदकडची म्हणून सांगतात, काड्यांच्या जाळावर भाजलेली, गॅसवर नाही. साल काढून लाकडाच्या बडगीत हिरव्या मिरचीसोबत ठेचतात, तो धप धप आवाज बाहेर बाजेवर येतो आणि तिथेच भूक दुप्पट होते. वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेल हात न आखडता. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी-उडीद एकत्र दळलेली, गरम असेपर्यंतच खायची, थंड झाली की चिवट, त्यात हॉटेलवाल्याचा दोष नाही. शेवभाजीची तर्री मात्र त्या दिवशी जरा जास्तच लाल होती, चवीपेक्षा रंगच जास्त. फौजदारी डाळ मस्त, घट्ट, लसणाची फोडणी वरून. (बाहेरगावच्या लोकांना नाव ऐकून हसू येतं, आम्हाला लहानपणापासून सवय आहे, पण त्या दिवशी टेबलावर डाळीपेक्षा खऱ्या फौजदारीचीच चर्चा जास्त झाली.)

झालं असं की सोबत आमचा अमळनेरचा मित्र, वकील. मी ठेच्याचा मोठा घास घेतला, डोळ्यात पाणी, आणि तोंडातून निघालं "आयला!" गल्ल्यावरून आप्पांनी मान वर न करता सांगितलं, "वीस." मी म्हटलं आप्पा ही काय शिवी झाली का, तिखट लागलं म्हणून निघालं. आप्पा म्हणे, "आई आली ना त्यात? मंग शिवीच शे ती." आता यावर काय बोलणार. पण मग मागच्या टेबलवरचा एक जण मोबाईलवर कोणाला तरी चार वेळा साला साला म्हणत होता, त्याला काही नाही, का तर साला म्हणजे बायकोचा भाऊ, नातं आहे. आणि एक सरदारजी ट्रकवाले पाच मिनिटं फोनवर जे काही बोलत होते ते टोनवरूनच कळत होतं की आरती नाहीये, पण आप्पांना पंजाबी येत नाही म्हणून तेही सुटले. दंड मला एकट्याला.

इथे वकील पेटला ना भो. म्हणे हेच तर 66ए चं झालं होतं. आयटी कायद्यात ते कलम होतं, नेटवर अतिशय आक्षेपार्ह काही टाकलं तर तीन वर्षांपर्यंत जेल, पण आक्षेपार्ह म्हणजे काय हे कुठेच लिहिलेलं नाही, मग ते ठरवणार कोण, तर ठाण्यात त्या दिवशी जो बसलाय तो. म्हणजे गल्ल्यावरचे आप्पाच, फक्त वीस रुपयांऐवजी तीन वर्षं. नोव्हेंबर 2012 ला पालघरला तेच झालं, बाळासाहेब गेले त्यानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाईक केलं, दोघींना अटक, आणि त्या पोस्टमध्ये शिवी एक नव्हती. श्रेया सिंघल नावाची कायदा शिकणारी मुलगी सुप्रीम कोर्टात गेली आणि 24 मार्च 2015 ला ते कलमच रद्द झालं. तरी कित्येक वर्षं पोलीस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले, 2021 मध्ये कोर्टालाच धक्का बसला म्हणे. मेलेलं कलम चालत होतं.

मी म्हटलं मग काय, कोणीही काहीही बोलायचं? म्हणे नाही. घटनेत 19(1)(अ) ने बोलायचं स्वातंत्र्य दिलं आणि लगेच 19(2) ने कुंपण घातलं, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, कोर्टाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी असं सगळं त्यात आहे, आणि काही भाग 1951 च्या पहिल्याच दुरुस्तीत वाढवलेला. "मनाला लागलं" हे कारण मात्र त्या यादीत नाही. नुसती शिवी म्हणजे अश्लीलताही नाही, मार्च 2024 ला एका वेब सिरीजमधल्या शिव्यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं. नाहीतर शिमग्याला बोंब मारणारं अख्खं गाव आत जाईल, मी आणि माझे काका धरून. पण मुद्दाम अपमान करून समोरच्याला मारामारीला भडकवलं तर आताच्या न्याय संहितेत कलम 352 आहे, जुनं 504. अमेरिकेतही सगळं चालतं हे खोटं, 1942 ला तिथे एकाने रस्त्यात अधिकाऱ्याच्या तोंडावर फॅसिस्ट वगैरे म्हटलं, त्याची शिक्षा कोर्टाने कायम ठेवली, आणि 1971 ला दुसऱ्याने जॅकेटवर सैन्यभरतीला शिवी लिहून थेट कोर्टाच्या इमारतीत चक्कर मारली, त्याची शिक्षा रद्द केली. कारण दुसरी शिवी कोणा एकाच्या तोंडावर मारलेली नव्हती. हे मला पटलं, आणि मी अजून एक भाकरी मागवली.

आता माझं पोळलेलं. दोन वर्षांपूर्वी मी एका मोबाईल रिपेअरच्या दुकानाचा रिव्ह्यू टाकला होता, डिस्प्ले ओरिजनल सांगून लोकल टाकला, बिल दिलं नाही, असं सरळ लिहिलं, शिवी नाही काही नाही. आठ दिवसात वकिलाची नोटीस, अब्रुनुकसानी, माफी मागा नाहीतर फौजदारी. फौजदारी बदनामी आपल्याकडे अजून आहे, 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली, आता कलम 356, दोन वर्षांपर्यंत. खरं असेल आणि लोकांच्या भल्याचं असेल तर सूट आहे हे मला आज माहितीये, तेव्हा नव्हतं. आणि असतं तरी खरं आहे हे सिद्ध करायला तारखांना चकरा कोण मारणार, माझी कंपनी रजा देते का. रिव्ह्यू उडवला. तो माणूस आजही लोकल डिस्प्ले टाकत असेल, मस्त. म्हणून शब्दांवरचे कायदे कडक करा म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की नोटीस पाठवायला पैसे कोणाकडे असतात?

हे सगळं बोलून आम्ही हात धुवायला उठणार तेवढ्यात जे झालं त्याच्यामुळे मी हा रिव्ह्यू लिहायला बसलो.

शेजारच्या टेबलवर एक काका, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं एकदम गोड. पाणी द्यायला पोरगा आला, अठरा-एकोणीसचा असेल, त्याला विचारलं, "बेटा, नाव काय तुझं?" त्याने नाव सांगितलं. "पूर्ण नाव?" त्याने आडनाव सांगितलं. "गाव कोणतं? गावात घर कुठल्या बाजूला?" पोराने तेही सांगितलं, जग हातातच. मग काका हसून म्हणे, "बरं बरं. असं कर, पाणी दुसऱ्या कोणाला आणायला सांग." आणि स्वतःचा ग्लास उचलून पलीकडे ठेवला. बस. आवाज चढला नाही, एक शब्द वाकडा नाही. बोर्डाप्रमाणे दंड शून्य.

पोरगा जग घेऊन तिथेच उभा. वकील हळूच म्हणे की शिवी नाही पण कलम आहे, अस्पृश्यता घटनेच्या 17 नेच बंद आहे, आणि 1989 चा अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लोकांदेखत जातीवरून मुद्दाम अपमान केला तर लागतो, शिवी हवीच असं नाही. त्याने पोराला विचारलं पण, तक्रार द्यायची का, आम्ही साक्षीला येतो. पोरगा म्हणे, "जाऊ द्या दादा, रोजचं शे."

रोजचं.

तेवढ्यात आप्पा गल्ला सोडून उठून आले, मी पहिल्यांदा त्यांना उभं पाहिलं, गुडघा धरून चालतात. काकांना म्हणे, "भाऊसाहेब, पाणी हाच पोरगा देईन. नको असेल तर बाहेर हापसा आहे." काका अर्धं भरीत टाकून उठले, पैसे न देता गाडीत बसले आणि गेले. आप्पांनी मागे हाक मारली नाही. पोराला म्हणे ताट उचल, आणि परत गल्ल्यावर जाऊन बसले जसं काही झालंच नाही.

मी दंडाचे पैसे टाकायच्या त्या डब्याकडे बघत होतो. माझ्या आयलाचे 20 त्यात पडले होते आणि ज्या वाक्याने त्या पोराचा चेहरा उतरला त्याचे काहीच नाही. खरं सांगू का, मला त्या डब्याचा राग नाही, आप्पांचं हॉटेल आहे, बायाबापड्या, लेकरं जेवायला येतात, तोंड सांभाळा म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, पटत नसेल तर पुढच्या ढाब्यावर जा. सरकारने तसा बोर्ड लावला तर मात्र पुढचा ढाबा नसतो ना. कायद्याने धमकी बघावी, चिथावणी बघावी, माणसाला जातीवरून खाली ढकलणं बघावं, आणि ठेचा खाऊन आयला म्हणणाऱ्याला सोडावं, एवढंच माझं म्हणणं. वकील म्हणतो लिहायला सोपं आहे, कलमात बसवून दाखव. नाही बसवता येत मला. मी मेकॅनिकल डिप्लोमावाला आहे.

बाकी किरकोळ. पार्किंग भरपूर. बाथरूम बेकार, एक स्टार कापला त्याचाच. सर्व्हिस स्लो आहे पण वांगं जाळावर भाजायला वेळ लागणारच, घाई असेल तर बिस्किट पुडा घ्या. दोघांचं बिल 310 झालं, दंड वेगळा. डब्यातल्या पैशातून उन्हाळ्यात बाहेर पाणपोई लावतात, 45 डिग्रीत त्याची किंमत जळगावकरांना सांगायला नको. भरीत थंडीतच खा, उन्हाळ्यात वांग्याला ती चव राहत नाही. जाताना सुट्टे ठेवा, बिलाला यूपीआय चालतं, डब्याला चालत नाही, वकिलाने बिल बघून जे काही म्हटलं त्याचे 20 पण मलाच द्यावे लागले.