मिश्र युनिक्स संगणकांवर सामाईक लॉगिन: एनआयएस की एलडॅप-केर्बेरॉस?

जुने सोलारिस, एखाद-दुसरे एआयएक्स आणि बाकी लिनक्स अशा निरनिराळ्या युनिक्स प्रणालींचे संगणक ज्यांच्या पदरी पडले आहेत, त्यांनी एकच खाते सगळ्या यंत्रांवर चालवणारी लॉगिनसेवा निवडताना ती बंद पडल्यावर दोष कुठे आहे हे किती लवकर कळेल, याचा विचार आधी करावा.

या कसोटीवर सन मायक्रोसिस्टिम्सची जुनी एनआयएस (खात्यांची यादी एका सर्व्हरवरून सगळ्या यंत्रांना पुरवणारी सेवा) आजही सरस ठरते. ‘वायपीविच’ ही आज्ञा यंत्र कोणत्या सर्व्हरशी बांधले आहे ते सांगते आणि ‘वायपीकॅट पासवर्ड’ सगळी खाती पडद्यावर आणते. दोन्हींची उत्तरे येऊनही लॉगिन नाकारले जात असेल, तर संशय पासवर्डच्या सांकेतिक रूपावर घ्यावा. लिनक्सवर एमडी५ पद्धतीने साठवलेला पासवर्ड सोलारिस ८ ला वाचता येत नाही. त्यामुळे तोच वापरकर्ता एका टेबलावर आत जातो आणि शेजारच्या टेबलावर अडतो. सर्वांना चालणारी जुनी डीईएस पद्धत लावली, तर पासवर्डची पहिली ८ अक्षरेच मोजली जातात. शिवाय तपासणीला सोयीचे असलेले वायपीकॅट कोणाही वापरकर्त्याला इतरांचे सांकेतिक पासवर्ड दाखवू शकते, आणि माझ्या मते एनआयएस नाकारायला एवढे एकच कारण पुरेसे आहे. रेड हॅटनेही एंटरप्राइझ लिनक्स ९ मधून ही सेवा काढून टाकली आहे.

एलडॅप आणि केर्बेरॉस यांच्या जोडीत काम विभागलेले असते: वापरकर्ता कोण हे एलडॅप सांगते, पासवर्डची शहानिशा केर्बेरॉस करते. म्हणून तपासणीही दोन टप्प्यांत करावी. ‘आयडी’ आज्ञेला नाव देऊनही वापरकर्ता सापडत नसेल, तर एलडॅपकडे पाहावे. तो सापडूनही केर्बेरॉसकडून पासवर्ड तपासून घेणारी ‘केइनिट’ आज्ञा अडत असेल, तर सर्वप्रथम घड्याळ पाहावे, कारण सर्व्हरच्या वेळेशी ५ मिनिटांहून अधिक तफावत केर्बेरॉस सहसा खपवून घेत नाही.

खरी डोकेदुखी प्रत्येक प्रणालीच्या तऱ्हेची आहे. लिनक्सवरील एसएसएसडी (एलडॅप आणि केर्बेरॉसशी बोलणारी सेवा) मूळ मांडणीत सगळ्या खात्यांची यादी देत नाही, त्यामुळे नाव न देता ‘गेटएंट पासवर्ड’ ही खाती दाखवणारी आज्ञा चालवणाऱ्याला सेवा बंद असल्याचा भास होतो. सोलारिस १० वर यंत्र एलडॅपला जोडणारी ‘एलडॅपक्लायंट’ आज्ञा चालवल्यावर एनएसस्विच फाइल (कोणती माहिती कुठे शोधायची हे ठरवणारी) बदलली जाते आणि त्यात यंत्रांची नावेही एलडॅपमध्ये शोधावीत असे लिहिले जाते. तिथे डीएनएस (यंत्रांची नावे शोधून देणारी नेहमीची सेवा) पुन्हा घातले नाही, तर ज्याचा लॉगिनशी संबंध नाही असे बरेच काही बंद पडते. एआयएक्सवर खाती कुठून घ्यायची हे एनएसस्विच ठरवत नाही, तर सुरक्षा फोल्डरमधील ‘युझर’ फाइलमधले ‘सिस्टिम’ हे मूल्य ठरवते.

प्रणाली प्रत्येक खात्याला देते तो वापरकर्त्याचा क्रमांक मात्र दोन्ही पर्यायांत छळतो. रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्या नवी खाती ५०० पासून देत, डेबियन १००० पासून देते. जाळ्यावरून फाइली सामाईक करणारी परंपरागत एनएफएस सेवा नाव न पाहता क्रमांकच पाहते, म्हणून लॉगिन यशस्वी होऊनही फाइली भलत्याच्याच मालकीच्या दिसतात. स्थलांतरापूर्वी क्रमांक एकसारखे करावेत.

नवी मांडणी करणाऱ्याने एलडॅप-केर्बेरॉस घ्यावे. बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेल्या, जुन्याच यंत्रांच्या प्रयोगशाळेत एनआयएस चालू ठेवण्यास हरकत नाही. कोणताही पर्याय निवडला तरी रूटचे (मुख्य प्रशासकाचे) खाते प्रत्येक यंत्रावर स्थानिकच ठेवावे आणि खाती शोधण्याच्या क्रमात स्थानिक फाइली पहिल्या असाव्यात.