दत्तक घ्यावं की प्रतिपालक व्हावं?
"घरात मूल हवंय, पण कुठल्या वाटेनं?" एका जोडप्याचा प्रश्न. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेत दोन्ही वाटा आहेत: दत्तक आणि प्रतिपालन, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणं (फॉस्टर केअर).

नातं: दत्तक मूल कायद्यानं कायमचं तुमचं. प्रतिपालनात कायदेशीर नातं जन्मदात्यांशीच राहतं. त्यांची घडी बसली की मूल परत जाऊ शकतं. ते परत जाणं हे अपयश नव्हे, बहुतेकदा तेच उद्दिष्ट असतं.

मेहनत: दत्तकात चौकशी, गृहभेटी मुख्यतः आधी. प्रतिपालनात समाजकार्यकर्त्याच्या भेटी, जन्मदात्यांशी मुलाच्या गाठीभेटी चालूच. जन्मकथा मात्र दत्तक मुलालाही लहानपणापासून सांगायची. लपवलेलं बाहेर येतंच.

निरोप पेलणार असेल तर प्रतिपालन, आयुष्यभराचं आई-बाबापण हवं तर दत्तक. प्रतिपालनाला दत्तकाची रंगीत तालीम समजत असाल, तर आधी समुपदेशकाकडे जा.