टॅबवरचा माऊस: बाण हलतो, पण अ‍ॅपला तो कळतो का?

टॅब घेताना दुकानात "याला माऊस चालतो का?" असं विचारलं की उत्तर हमखास "हो" असंच मिळतं. ते खोटंही नसतं. अँड्रॉइडमध्ये माऊसची सोय २०११ साली, ३.१ या आवृत्तीत आली. आयपॅडला ती मिळायला २०१९ उजाडलं, आणि तेव्हाही ती दिव्यांगांसाठीच्या सोयींच्या यादीत आत कुठेतरी होती. सगळ्यांसाठीचा पॉइंटर आला मार्च २०२० मध्ये, आयपॅडओएस १३.४ बरोबर. त्यामुळे पडद्यावर बाण हलेल की नाही, हा मुद्दा आता उरलेला नाही. ज्या अ‍ॅपवरून तो फिरतो, त्या अ‍ॅपला समोर माऊस आहे हे कळतं का, यावर पैसे वसूल होतात की नाही ते ठरतं. इथे तीन जोड्या तपासल्या आहेत: साधा आयपॅड आणि ब्लूटूथ माऊस, सॅमसंगचा डेक्स (टॅबचा पडदा संगणकासारखा करणारी सोय) असलेला टॅब, आणि पंधरा हजारांच्या आतला अँड्रॉइड टॅब.

आधी माऊस हवाच कशाला, ते बघू. टॅब मांडीवर किंवा हातात असेल तर बोटाइतकं सोयीचं काही नाही. पण तोच टॅब स्टँडवर उभा केला, समोर कीबोर्ड ठेवला, की प्रत्येक टॅपसाठी हात टेबलावरून उचलून पडद्यापर्यंत न्यावा लागतो. अर्ध्या तासात खांदा बोलू लागतो. ऑक्टोबर २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी लॅपटॉपला टचस्क्रीन नाकारताना नेमकं हेच कारण दिलं होतं: उभ्या पडद्याला बोट लावत बसणं हाताला झेपत नाही. पुढे त्यांच्याच कंपनीने आयपॅडला कीबोर्ड लावून तो उभा केला, तेव्हा हेच कारण आयपॅडलाही लागू झालं. मग ट्रॅकपॅड द्यावाच लागला.

दुसरं कारण नेमकेपणाचं. अँड्रॉइडच्या नियमावलीप्रमाणे बटण किमान ४८ डीपी (पडद्यावरच्या आकाराचं अँड्रॉइडचं माप) म्हणजे साधारण साडेसात मिलिमीटरचं असावं. बोटाला ते पुरतं. पण एक्सेलच्या दोन कॉलममधली रेघ, पीडीएफमधली ओळ, किंवा संगणकासाठी बनवलेल्या सरकारी संकेतस्थळावरचा बारीक दुवा यांना हा नियम लागू नसतो. अशा संकेतस्थळांची आणखी एक गंमत म्हणजे मेनूवर बाण नेला की उपमेनू उलगडतो. बोट एकतर काचेवर असतं किंवा नसतं. नुसतं "वर धरणं" त्याला जमत नाही. त्यामुळे टॅप केलं की उपमेनू उघडण्याऐवजी भलतंच पान उघडतं. माऊस लावला की हा त्रास बहुतेक वेळा संपतो. फक्त पान डेस्कटॉप रूपात उघडलेलं हवं. आयपॅडवरची सफारी २०१९ पासून ते आपणहून मागते. क्रोममध्ये तीन ठिपक्यांच्या मेनूतून "डेस्कटॉप साइट" निवडावं लागू शकतं.

आता अ‍ॅप्सचा प्रश्न, कारण खरी गोची तिथेच आहे. ज्या अ‍ॅपने माऊससाठी वेगळं काम केलेलं नसतं, त्याला सिस्टिम क्लिक म्हणजे बोटाचा स्पर्श म्हणूनच पोचवते. परिणाम असा की बटण दाबून ओढलं तरी मजकूर निवडला जात नाही, पानच वर सरकतं. राइट क्लिकला काही होत नाही, किंवा लांब दाबल्यावर येणारा मेनू येतो. वर्ड, एक्सेल आणि गूगल डॉक्स यांच्या टॅबवरच्या अ‍ॅपमध्ये ही अडचण जाणवत नाही: सेलवर दाबून ओढा, पट्टा निवडला जातो, कोपऱ्यातले गोल ठिपके चिमटीत पकडायची कसरत नाही. पण बँकांची, विम्याची, शाळांची अ‍ॅप घ्या. तिथे माऊस म्हणजे दुरून लावलेलं बोट, त्यापलीकडे काही नाही. त्यामुळे "टॅबने माऊसला साथ द्यावी का" या वादात टॅब बनवणाऱ्यांपेक्षा अ‍ॅप बनवणाऱ्यांना जास्त धारेवर धरायला हवं.

मराठीत लिहिणाऱ्यांना माऊसचा फायदा मजकूर दुरुस्त करताना सर्वात जास्त होतो. बोटाने कर्सर "पाणि" या शब्दाच्या शेवटी नेऊन ठेवायचा तर दोन-तीनदा तरी चुकतो, कारण अनुस्वार, वेलांट्या आणि रफार यांची गर्दी बोटाखाली झाकली जाते. माऊसने एका क्लिकमध्ये जागा सापडते. एक लक्षात ठेवावं: अक्षर आणि त्याची मात्रा यांच्या मधोमध क्लिक लागत नाही, कर्सर अक्षराच्या कडेलाच जातो. म्हणून "पाणि"चं "पाणी" करताना शब्दाच्या शेवटी क्लिक करा आणि बॅकस्पेस एकदाच दाबा. बहुतेक अ‍ॅपमध्ये फक्त वेलांटी पुसली जाते, "ण" जागेवर राहतो. अख्खा शब्द पुसून पुन्हा लिहिण्याची गरज नाही.

साध्या आयपॅडवर अनुभव सर्वात घोटीव आहे. माऊस जोडल्याशिवाय त्याच्या सेटिंगचं पानच दिसत नाही. जोडल्यावर सेटिंग्ज, जनरल, ट्रॅकपॅड अँड माऊस इथे ते उगवतं. पहिल्या दिवशी तीन गोष्टी तिथेच करून टाका: ट्रॅकिंगचा वेग वाढवा, चाक उलटं फिरतंय असं वाटत असेल तर नॅचरल स्क्रोलिंग बंद करा, आणि सेकंडरी क्लिक (म्हणजेच राइट क्लिक) चालू आहे ना ते बघा. पॉइंटरचा आकार आणि रंग मात्र इथे नाहीत, ते अ‍ॅक्सेसिबिलिटीमधल्या पॉइंटर कंट्रोलमध्ये आहेत. एकाच कामाची सेटिंग दोन घरांत का, याचं पटेल असं कारण दिसत नाही. पॉइंटर खालच्या कडेला ढकलला की डॉक येतो, वर उजव्या कोपऱ्यातल्या चिन्हांवर क्लिक केलं की कंट्रोल सेंटर उघडतं.

सुरुवातीची काही वर्षं हा पॉइंटर गोल ठिपका होता आणि बटणाजवळ गेला की बटणाला चिकटून त्याचाच आकार घ्यायचा. दिसायला झकास, पण बारीक कामात अडायचा. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये टोकदार बाण आला, वर मेनूबार आला, खिडक्या हव्या तशा लहान-मोठ्या करता येऊ लागल्या. माऊसवाल्यांसाठी हा सुधार मोठा आहे. मात्र खिडकी बंद, लहान-मोठी करायची तीन बटणं बोटासाठी फारच लहान झाली आहेत. माऊसची साथ देता देता बोटाची गैरसोय होऊ लागली तर टॅब घेण्याला अर्थ राहत नाही. या बाबतीत पुढच्या आवृत्त्यांकडे डोळे लावून बसावं लागेल.

डेक्स वेगळ्या वाटेने जातो. सॅमसंगने तो २०१७ मध्ये फोनसाठी आणला आणि पुढच्याच वर्षी टॅब एस४ वर थेट टॅबच्या पडद्यावर चालवला. बोटाने वापरायचा तर नेहमीचा पडदा, माऊस लावायचा तर डेक्स, अशी सरळ वाटणी आहे. ती आम्हाला जास्त प्रामाणिक वाटते. माऊसच्या बटणांना काय काम द्यायचं तेही ठरवता येतं: सेटिंग्ज, जनरल मॅनेजमेंट, माऊस अँड ट्रॅकपॅड. मधल्या बटणाला होम आणि जादा बटणाला बॅक दिलं की हात पडद्याकडे जातच नाही. अडचण ठरलेली आहे: काही अ‍ॅप खिडकीचा आकार बदलू देत नाहीत आणि मध्यभागी फोनएवढी पट्टी होऊन बसतात. शिवाय डेक्स सॅमसंगच्या सगळ्याच टॅबमध्ये नसतो. मॉडेलच्या पानावर तो शब्द लिहिलेला दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.

पंधरा हजारांच्या आतल्या टॅबवर माऊस चालतो, पण हौस पुरवण्यापुरताच. जुन्या अँड्रॉइडवर राइट क्लिक म्हणजे बॅक असतं. फॉर्म भरताना सवयीने राइट क्लिक केलं की भरलेलं सगळं जातं. आणखी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. या टॅबचं यूएसबी-सी पोर्ट बहुधा चित्र बाहेर देत नाही, त्यामुळे माऊस आणि टीव्ही जोडून घरच्या घरी संगणक करायचा बेत असेल तर तो फसतो.

जोडणी तीन प्रकारे होते. ब्लूटूथ सर्वात सुटसुटीत, पोर्ट मोकळं राहतं. पण लॅपटॉपला आधी जोडलेला माऊस टॅबच्या यादीत दिसत नाही, कारण तो जुन्या मालकालाच शोधत असतो. खालचं जोडणीचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत, साधारण तीन सेकंद, दाबून धरा. टॅबवर "पेअर्ड" दिसतंय पण बाण हलत नाही, असं झालं तर माऊसच्या त्याच चॅनेलवर (एका यंत्राची जोडणी लक्षात ठेवणाऱ्या जागेवर) मधल्या काळात दुसरं यंत्र जोडलं गेलेलं असतं आणि जोडणीची जुनी किल्ली बाद झालेली असते. टॅबवरून त्याला फर्गेट करून नव्याने जोडणं हाच उपाय. नुसतं ब्लूटूथ बंद-चालू करून काही होत नाही. दोन यंत्रांवर वापरायचा असेल तर चॅनेल बदलायचं बटण असलेलाच माऊस घ्या.

डोंगलवाला (पोर्टमध्ये खोचायच्या छोट्या रिसीव्हरचा) माऊस लगेच चालू होतो, पण त्याला यूएसबी-ए ते सी असं जोडणं लागतं. या जोडण्यात ५.१ किलोओहमचा एक रेझिस्टर असतो, त्यावरूनच टॅबला कळतं की आता वीज आपण पुरवायची आहे. पन्नास रुपयांच्या जोडण्यात कधीकधी तोच गाळलेला असतो, मग डोंगल मेलेला वाटतो. काही कंपन्यांच्या अँड्रॉइडमध्ये ओटीजी (पोर्टला यूएसबीची उपकरणं जोडू देणारी सोय) वेगळं चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापर नसेल तर ते आपोआप बंद होतं. हबला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क आणि डोंगल शेजारी शेजारी लावले तर बाण अडखळतो: यूएसबी ३ च्या तारांतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो आणि डोंगल त्याच पट्ट्यात बोलत असतो. वीतभर लांबीची एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल बाजूला घेतला की पुरतं. टॅबमधून थेट बाहेर डोकावणारा डोंगल मात्र नकोच, एका धक्क्यात पोर्ट सैल होतं.

तारेचा माऊस स्वस्त आणि भरवशाचा. लाइटनिंग पोर्टच्या जुन्या आयपॅडवर रंगीत दिव्यांचा गेमिंग माऊस लावला तर जास्त वीज लागते असा संदेश येऊन तो नाकारला जाऊ शकतो. तिथे साधा, बिनदिव्यांचा माऊस लावा, किंवा चार्जिंगची जागा असलेला अ‍ॅडॉप्टर वापरा.

डोंगलची एक खोडी मराठी टायपिंगला थेट नडते. कीबोर्ड आणि माऊस यांचा सामायिक डोंगल लावला की टॅबला वाटतं कीबोर्डही जोडलाय, आणि पडद्यावरचा कीबोर्ड गायब होतो. रोमन अक्षरांतून किंवा बोटाने गिरवून मराठी लिहिणाऱ्याचं कामच थांबतं. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये "फिजिकल कीबोर्ड" शोधून ऑनस्क्रीन कीबोर्ड दाखवण्याचा पर्याय चालू करा. आयपॅडवर पडद्याच्या तळाशी येणाऱ्या छोट्या पट्टीतून कीबोर्ड परत बोलावता येतो.

हाताला कंप असलेल्या, एकाच हाताने काम करणाऱ्या किंवा बोटं पूर्ण न उघडणाऱ्या माणसांसाठी तर माऊस ही चैन नव्हेच. ट्रॅकबॉलही माऊससारखाच जोडला जातो. आयपॅडच्या असिस्टिव्हटचमध्ये ड्वेल कंट्रोल आहे, अँड्रॉइडच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत ऑटोक्लिक: बाण एका जागी थोडा वेळ थांबवला की क्लिक आपोआप होतं, बटण दाबावंच लागत नाही. वेळ सुरुवातीला जास्त ठेवा, नाहीतर नुसतं बघताना भलतंच उघडत राहतं. बाण मोठा करा आणि थोड्या वेळाने तो लपण्याची सोय बंद करा.

आता खर्च. ब्लूटूथ माऊस हजाराच्या आसपास मिळतो. आयपॅड प्रोचा ट्रॅकपॅडसह मॅजिक कीबोर्ड तीस हजारांच्या घरात जातो. तो पेअरिंग आणि चार्जिंगची कटकट वाचवतो आणि तीन बोटांच्या खुणा ओळखतो, पण पत्रव्यवहार आणि तक्ते एवढंच काम असेल तर हजाराचा माऊस आणि साधं स्टँड पुरे. रिमोट डेस्कटॉपवरून ऑफिसचं विंडोज चालवणाऱ्यांनी माऊस न विचारता घ्यावा. वाचन, चित्रं काढणं, व्हिडिओ एवढ्यासाठीच टॅब असेल तर घेऊ नये. चित्रांसाठी तेच पैसे पेनात घाला. दुकानात डेमोचा टॅब हातात आला तर रोजच्या वापरातलं अ‍ॅप किंवा संकेतस्थळ उघडा, दुकानाचाच माऊस लावायला सांगा आणि तीन गोष्टी करून बघा: राइट क्लिक, ओढून निवडणं, आणि मेनूवर बाण नुसता धरून ठेवणं.