मॉरिशसचं बुकिंग खरं होतं, पैसे भरलेले नव्हते

चौकशी न करता फसले असते तर हे लिहिलंच नसतं, मुकाट्याने गिळलं असतं. पण मी चौकशी केली होती. मार्च 2025 मध्ये नाशिकहून थेट मॉरिशसला, हॉटेलच्या स्वतःच्या नंबरवर फोन लावला होता. पलीकडच्या मुलीने माझं नाव, तारखा, दोन मोठे, दोन मुलं, समुद्राकडची खोली असं सगळं बरोबर वाचून दाखवलं. फोन ठेवून मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, उगाच शंका घेतोस."

सहल ठरवून देणारा एजंट ओळखीतून आलेला. सोसायटीतल्या एका कुटुंबाला त्याने दिवाळीत दुबई करून आणली होती, फोटो सगळ्यांनी पाहिले होते. ऑफिस म्हणजे एका दुकानाच्या वरची खोली, भिंतीवर आयफेल टॉवर. बोलायला गोड. "ताई, तुम्ही फक्त बॅगा भरा, बाकी माझ्यावर सोडा." सहा रात्री, नाश्ता आणि रात्रीचं जेवण, विमानतळावरून गाडी, एक दिवस इल ओ सेर्फ बेटावर बोटीने, विमानाच्या तिकिटांसकट चौघांचे 3 लाख 10 हजार. दुसरीकडे कुठेच पावणेचारच्या खाली आकडा नव्हता.

एवढं स्वस्त कसं, हे विचारलं तेव्हा त्याच्याकडे उत्तर तयार होतं. "टीसीएस वाचवून देतो ना ताई. बिलं वेगवेगळी दाखवतो." हे ऐकून मला तो हुशार वाटला. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याला ग्राहकाकडून हा कर घेऊन ग्राहकाच्या पॅनवर भरावा लागतो. तेव्हा आमच्याएवढ्या रकमेच्या पॅकेजवर तो 5 टक्के होता. तो पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना वळता करून मिळतो. म्हणजे त्याने माझं काहीच वाचवलं नव्हतं. आपण मला पॅकेज विकलं याची सरकारदरबारी नोंद होणार नाही, एवढी काळजी घेतली होती. पैसेही फर्मच्या खात्यात नव्हे, त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर मागितले, कारण "कार्डाने दिलेत तर दोन टक्के जास्त पडतील". ते दोन टक्के मी वाचवले. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागायला एक दार उरलं असतं.

फेब्रुवारीत 50 हजार, मार्चमध्ये तिकिटांसाठी 1 लाख 90 हजार, 10 मे रोजी उरलेले 70 हजार. तिकिटं खरी होती, विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून मी तपासली होती. त्यामुळे संशय आणखीच मावळला.

20 मे रोजी मुंबईहून थेट विमानाने सहा तासांत पोहोचलो. भारतीयांना मॉरिशससाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पुरावा दाखवावा लागतो. काउंटरवरच्या माणसाने आमचं हॉटेल व्हाउचर पाहिलं, शिक्का मारला. त्या कागदाचा झालेला उपयोग तेवढाच.

बाहेर नावाची पाटी घेऊन कोणी उभं नव्हतं. अर्धा तास थांबलो. एजंटचा फोन लागेना. तिथल्या टॅक्सीवाल्यांशी मीटरचं बोलायचंच नसतं, आधी भाव ठरवायचा. 2,000 मॉरिशियन रुपयांत एकजण तयार झाला आणि तासाभरात पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आँ फ्लाकला सोडलं. मुलांनी पोहण्याचे चष्मे टॅक्सीतच गळ्यात घातले होते.

रिसेप्शनवरच्या मुलाने नाव टाइप केलं, पुन्हा टाइप केलं, मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. बुकिंग होतं. 12 मे रोजी रद्द झालेलं होतं. माझा शेवटचा हप्ता गेल्यानंतर दोन दिवसांनी.

काय झालं होतं ते त्यानेच समजावून सांगितलं. हे त्याला नवीन नसावं. बुकिंगच्या साइटवर "विनाशुल्क रद्द करा, पैसे हॉटेलवर भरा" असा एक प्रकार असतो. एक पैसाही न देता खोली माझ्या नावावर अडवून ठेवता येते. साइटकडून आलेल्या मूळ मेलमध्ये तसं लिहिलेलं असतं आणि रक्कमही असते. आमच्या एजंटने ती मेल मला पाठवलीच नाही. तिच्यातला मजकूर उचलून स्वतःच्या लेटरहेडवर व्हाउचर बनवलं. मार्चमध्ये मी फोन केला तेव्हा त्या मुलीने खरंच सांगितलं होतं. मी विचारलं, "माझं बुकिंग आहे का?" ती म्हणाली, "आहे." पैसे कोणी भरलेत, आल्यावर काही द्यायचं बाकी आहे का, हे बुकिंग कोणाच्या खात्यातून झालंय आणि ते कधीपर्यंत रद्द होऊ शकतं, हे विचारलं असतं तर तिने तेही सांगितलं असतं. शिवाय मी एकदाच विचारलं, दोन महिने आधी. शेवटचा हप्ता द्यायच्या आदल्या दिवशी आणि निघायच्या दोन दिवस आधी पुन्हा विचारायला हवं होतं.

त्या रद्द बुकिंगवर रक्कमही दिसत होती, सहा रात्रींचे जवळपास 82 हजार मॉरिशियन रुपये. तेव्हा त्यांचा एक रुपया आपल्या एक रुपया नव्वद पैशांच्या आसपास होता, म्हणजे दीड लाखाच्या वर. तिकिटांचे खरे 1 लाख 84 हजार वजा केले तर एजंटकडे माझे उरत होते 1 लाख 26 हजार. ही वजाबाकी घरी ओट्याशी उभं राहून करता आली असती.

त्या रात्री मुलं झोपेला आली होती म्हणून तिथेच एक रात्र स्वतःच्या पैशाने राहिलो. एका रात्रीचे सुमारे 25 हजार आपले रुपये. मी रात्रभर जागीच होते आणि समुद्र अगदी छान दिसत होता, याचा जास्त राग आला.

सकाळी नवरा बॅगा तिथेच ठेवून पायी फिरला आणि दोन गल्ल्या आत एका घरमालकिणीची दोन खोल्यांची जागा बघून आला, स्वयंपाकघरासकट 2,800 मॉरिशियन रुपये रोज. पाच रात्रींचं भाडं हॉटेलच्या एका रात्रीइतकं. बाई जवळच्याच कास्कावेलच्या, आजोळ मराठी. गणपतीची आरती तोंडपाठ, पण "पाणी कुठे आहे" म्हटलं तर कळेना; मग हिंदीवर यायचं.

खरं सांगायचं तर पुढचे पाच दिवस मुलांची मजाच झाली. तिथले किनारे सार्वजनिक आहेत. वाळूवर बसायला हॉटेलात राहावं लागत नाही. फ्लिक आँ फ्लाकला सुरूच्या झाडांखाली रविवारी स्थानिक कुटुंबं पातेली घेऊन येतात, आम्हीही भाताचं पातेलं नेलं. प्रवाळाच्या कडेमुळे आतलं पाणी शांत असतं, धाकटीला काळजी न करता सोडता आलं. ढॉल पुरी म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखट चुलत बहीण, आत डाळ, वर घेवड्याची रस्साभाजी. दुपारचं जेवण त्यावर. पोर्ट लुईला बसने गेलो. इल ओ सेर्फ मात्र राहिलं. पूर्व किनाऱ्यावरून बोट पकडायची, आणि आता कोणाला आगाऊ पैसे द्यायचे म्हटलं की नवरा नुसता माझ्याकडे बघायचा.

परत आल्यावर एजंट भेटला. पळून गेलेला नव्हता, हेच विशेष. "ताई, सिस्टिममध्ये एरर आला." मग पुढच्या महिन्याचा वायदा. 20 हजार दिले, पुढे फोन बंद. माझा अंदाज असा, की तो सुरुवातीपासून आम्हाला लुटायला बसला नव्हता. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर चालू होतं. शेजाऱ्यांची दुबई कोणाच्या तरी पैशातून झाली आणि आमच्या पैशातून आणखी कोणाची. आमच्या वेळी टोप्या संपल्या.

1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, पण तिचा खरा उपयोग पैसे गेल्यावर लगेच, ते खात्यात असेपर्यंत. आम्हाला कळलं दहा दिवसांनी. पोलीस चौकीत म्हणाले, तिकिटं तर दिली ना त्याने, मग ग्राहक आयोगात जा. गेले. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ऑनलाइनही. दोन वर्षांची मुदत असते. पुरावा म्हणून हॉटेलकडून 12 मेच्या रद्द बुकिंगची प्रत मागवली, त्यांनी दोन दिवसांत पाठवली. यूपीआयच्या तिन्ही नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं जोडलं. त्या बोलण्यात "टीसीएस वाचवा" यावर मी टाकलेला अंगठाही आहे. वकील मैत्रीण म्हणाली, तो काढता येणार नाही.

दोन तारखा झाल्या, तो आला नाही. गेल्या आठवड्यात त्याचा नवा नंबर एका ग्रुपवर दिसला: बाली, पाच रात्री, चौघांना फक्त 2 लाख 40 हजार, जागा मर्यादित. खाली तीन जणींनी "डिटेल्स प्लीज" लिहिलं होतं. तिघींनाही मी फोन केले. एकीने पैसे भरले होते.