महाविद्यालयात ‘डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ’ वापरताना

जागतिक आरोग्य संघटनेची, जीवनाचा दर्जा मोजणारी २६ प्रश्नांची ‘डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ’ ही प्रश्नावली आम्ही पदवीच्या विद्यार्थ्यांकडून गेली दोन वर्षे मराठीतून भरून घेत आहोत. आपली मुलेमुली कशी जगतात हे ज्या महाविद्यालयाला मनापासून जाणून घ्यायचे आहे, त्याने ती अवश्य वापरावी. मात्र ती कधी आणि कुठे भरून घ्यायची, हे आधी ठरवावे.

सुरुवातीचे दोन प्रश्न सर्वसाधारण असून उरलेले २४ शारीरिक, मानसिक, सामाजिक संबंध आणि परिसर या चार क्षेत्रांत विभागलेले आहेत. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण मिळतात. वेदना, औषधोपचारांची गरज आणि उदासी-चिंता यांविषयीच्या तीन प्रश्नांचे गुण उलटे धरावे लागतात. चार क्षेत्रांची एकत्र बेरीज केली जात नाही, आणि हीच मला या प्रश्नावलीची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. रोज दोन एसटी बदलून येणारी एखादी विद्यार्थिनी स्वतःविषयी समाधानी असते, पण प्रवास, पैसा, विरंगुळा आणि सुरक्षितता यांच्यापुढे तिने केलेल्या खुणा वाचवत नाहीत. एकाच आकड्यात हे सारे बुडून गेले असते.

सामाजिक संबंधांचे क्षेत्र मात्र दुबळे आहे. त्यात तीनच प्रश्न आहेत आणि त्यांपैकी एक लैंगिक जीवनाविषयीचा आहे. एका बाकावर तिघे बसलेले असताना तो बहुतेकांनी कोराच सोडला, त्यामुळे त्या वर्षीचे या क्षेत्राचे गुण आम्ही विचारातच घेतले नाहीत. पुढच्या वर्षी ग्रंथालयात एकेकाला स्वतंत्र बसवले, तेव्हा उत्तरे मिळाली.

प्रश्न मागील दोन आठवड्यांपुरते असतात, त्यामुळे सत्र परीक्षेच्या तोंडावर घेतलेल्या उत्तरांत झोप आणि एकाग्रता खालावलेली दिसणारच; वर्षांची तुलना करायची असेल तर दरवर्षी तोच पंधरवडा धरावा. प्रश्नावली केवळ विद्यार्थ्यांसाठी नसून सर्वच प्रौढांसाठी असल्याने रखडलेली शिष्यवृत्ती, मेसचे जेवण, नोकरीची धास्ती यांची थेट विचारणा तिच्यात नाही. ते प्रश्न आम्ही वेगळ्या कागदावर विचारतो, म्हणजे मूळ गुणांना धक्का लागत नाही.

नावे घेत नसल्यामुळे उदासी-चिंतेविषयीच्या शेवटच्या प्रश्नात ‘नेहमी’वर खूण करणारा विद्यार्थी आम्हाला शोधता येत नाही. म्हणून आता प्रत्येक प्रतीसोबत समुपदेशकांच्या भेटीच्या वेळा छापलेली चिठ्ठी देतो.