फ्लोरिनचा माग: बायोटाइट की अ‍ॅपेटाइट?

ग्रॅनाइटच्या शिलारसात फ्लोरिन किती होतं, हे विचारायचं तर साक्षीदार दोन, दोन्ही खडकातली खनिजं: बायोटाइट आणि अ‍ॅपेटाइट. बायोटाइट म्हणजे अभ्रकाचा एक प्रकार; मुबलक, काळं, भिंगाशिवायही दिसणारं. त्याच्या स्फटिकाच्या जाळीत हायड्रॉक्सिलच्या (OH) जागी फ्लोरिन बसतं. पण लोह जास्त असेल तर ते बसायला नाखूश, मॅग्नेशियम असेल तर खूश. म्हणजे नुसता आकडा वाचून चालत नाही. शिवाय खडक थिजल्यावर गरम द्रव फिरले की बायोटाइट जबाब बदलतं, त्याचं क्लोराइट हे दुसरं खनिजही होतं.

अ‍ॅपेटाइट हे फॉस्फेट खनिज; बारीक, सुईसारखं. बऱ्याचदा लवकर स्फटिकतं आणि झिरकॉन या टणक खनिजाच्या पोटात अडकलं तर बाहेरच्या द्रवांपासून बचावतं. अडचण एकच: वजनाने सुमारे 3.8 टक्क्यांवर त्याची फ्लोरिनची जागा भरते, त्यापुढचं फ्लोरिन त्यात दिसत नाही. तरी मूळ शिलारसाबद्दल विचारायचं असेल तर माझा कौल झिरकॉनमधल्या अ‍ॅपेटाइटला. नंतरच्या द्रवांची कहाणी बायोटाइटने सांगावी.